तापलेले इंजिन आणि ओल्या वाळूचा ब्रास

(तोंडवली येथे मालवाहू गाड्यांचे चालक आणि लहान वाहनमालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



तोंडवली-तळाशीलच्या एका अंगाला अरबी समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कालावलची खाडी आहे. मध्ये आहे ती वाळूची चिंचोळी पट्टी. ओझे ओढणे म्हणजे काय, हे या पट्टीवरील माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. रापणीचा दोर ओढणाऱ्या खांद्यांना ते ठाऊक असते, आणि पावसाळ्यापूर्वी होडी पाण्याबाहेर काढून माडांच्या आडोशाला नेणाऱ्यांनाही. आता काही ठिकाणी या कामास ट्रॅक्टर जुंपला जातो. डांबरी सपाट रस्त्यावर एक टन वजन चालते ठेवण्यास दहा-पंधरा किलोंचा जोर पुरतो; तेच वजन मोकळ्या कोरड्या वाळूतून न्यावयाचे तर दोनशे-तीनशे किलोंचा जोर लागतो. म्हणजे दिसावयास सपाट असलेली पुळण इंजिनाच्या दृष्टीने कोणत्याही घाटापेक्षा उभी असते. ट्रॅक्टर जागच्या जागी गुरगुरत असतो, चाके रुततात, समोरून वारा लागत नाही, आणि दहा मिनिटांत तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकू लागतो.

पुळणीवर जे दहा मिनिटांत घडते, तेच घाटात तासाभरात घडते. मालवण तालुक्यातील वाळू किंवा चिरा घेऊन निघालेली गाडी कोल्हापूरकडे जावयाची असेल तर तिला फोंडा, करूळ, भुईबावडा किंवा आंबोली यांपैकी एका घाटाचे तोंड पाहावेच लागते. २०२४ च्या जानेवारीत करूळ घाट रुंदीकरणासाठी बंद झाला तेव्हा तेथील वाहतूक इतर घाटांकडे वळली, आणि वाटेवर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या पाहण्याचा योग इतर वाटसरूंनाही आला. अशी गाडी दिसली म्हणजे लोक म्हणतात, चालकाने गाडी नीट ठेवली नाही. हे म्हणणे कितपत खरे आहे, हे तपासण्यापूर्वी इंजिन तापते म्हणजे काय होते, हे थोडे समजून घेतले पाहिजे.

एक लिटर डिझेलमध्ये सुमारे दहा युनिट ऊर्जा असते. घराच्या विजेच्या मीटरवर जे मोजले जाते तेच हे युनिट. या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाकांकडे जाते, एक तृतीयांश धुराबरोबर बाहेर पडते, आणि उरलेली बरीचशी इंजिनाच्या भोवती फिरणाऱ्या पाण्यात उतरते. हे पाणी रेडिएटरच्या नळ्यांतून नेऊन वाऱ्याने थंड करावयाचे, एवढीच शीतनाची सारी युक्ती. आता घाटाचा हिशेब पाहू. एक टन वजन सहाशे मीटर उंच चढवावयाचे तर निव्वळ चढण्याचे काम सव्वा ते दीड युनिटांच्या थोडे वर, नेमके १.६ युनिट होते. त्यासाठी सुमारे अर्धा लिटर डिझेल जळते, आणि तेवढ्यानेच दीडएक युनिट उष्णता पाण्यात येते. दोन लिटर थंड पाणी पूर्ण वाफ होऊन उडून जाण्यास पुरेल एवढी ही उष्णता आहे. मर्यादेपेक्षा दहा टन अधिक भरले, तर एका घाटात वीस लिटर पाण्याची वाफ करील इतकी जादा उष्णता रेडिएटरने वाऱ्यावर सोडावयाची असते. गाडी तयार करणाऱ्याने रेडिएटर बसविला तो या जादा बादलीचा विचार करून नव्हे.

येथे एक शंका कोणीही जाणकार मेकॅनिक काढील, आणि ती योग्यच आहे. इंजिन कितीही ओझ्याखाली असले तरी ठरावीक मर्यादेपलीकडे त्यात डिझेल जातच नाही. मग जादा ओझ्याने मिनिटागणिक उष्णता वाढेल कशी? ती फारशी वाढत नाहीच. वाढतो तो काळ. हलकी गाडी अवघड चढावर दोन-चार मिनिटे पूर्ण जोर लावते आणि वळणावर, सपाटीवर दम खाते. अतिभारित गाडीचा पाय ॲक्सिलरेटरवरून उठतच नाही. पायथ्यापासून माथ्यापर्यंत इंजिन पूर्ण जोरावर असते. शिवाय तिचा वेग ताशी दहा-पंधरा किलोमीटरवर येतो, त्यामुळे धावण्याने मिळणारा वारा नाहीसा होतो आणि सगळी भिस्त पंख्यावर राहते. कोकणातून घाट चढणारी गाडी पूर्वेकडे तोंड करून असते आणि दुपारी समुद्रावरून येणारा वारा तिच्या पाठीमागून. वाऱ्याचा वेग आणि गाडीचा वेग सारखा झाला की रेडिएटरसमोरची हवा जणू उभी राहते. घाट वळणावळणाचा असल्याने हे प्रत्येक टप्प्यावर लागू पडत नाही. परंतु भरदुपारी चढू नये हा जुन्या चालकांचा नियम केवळ उन्हाच्या भीतीने झालेला नाही.

गिअरची गोष्टही अशीच. वरच्या गिअरमध्ये इंजिन रेटत नेले की डिझेल वाचते, अशी समजूत मालकवर्गात पक्की आहे, आणि सपाट रस्त्यावर ती बऱ्याच अंशी खरीही आहे. परंतु पाण्याचा पंप आणि बहुतेक गाड्यांतील पंखा इंजिनाच्याच फेऱ्यांवर चालतात. फेऱ्या मंदावल्या की पाणी मंद फिरते, पंखा मंद फिरतो, आणि सिलिंडरमधला दाब मात्र सर्वांत जास्त असतो. चढावर वेळीच खालचा गिअर टाकणे हाच उपाय आहे. चालकाचा पगार किंवा बक्षिसी लिटरमागील किलोमीटरवर ठरविणारा मालक नेमकी याच्या उलट सवय लावीत असतो.

किनाऱ्यावरच्या गाडीला आणखी काही रोग जडतात. खारी हवा रेडिएटरच्या पातळ पत्र्यांना हळूहळू खाते. चिऱ्याच्या खाणीवरची तांबडी धूळ आणि पावसातला चिखल त्या पत्र्यांच्या फटींत बसून सुकतो. बाहेरून रेडिएटर दिसतो, पण त्यातून वारा जात नाही. पाण्यात मिसळावयाचे कूलंट महाग म्हणून विहिरीचे, कधी मचूळ पाणी भरले जाते, आणि त्यातील क्षारांची खपली आतल्या नळ्यांत व सिलिंडरच्या जाकिटात धरते. ही खपली उष्णतेला अडविणारी असल्याने, काटा ठीक दाखवीत असतानाही आतले लोखंड भाजत असू शकते. रेडिएटरचे टोपण ही तर सर्वांत दुर्लक्षित वस्तू. ते घट्ट बसते म्हणून आत दाब राहतो, आणि त्या दाबामुळे पाणी १०० अंशांऐवजी ११५ ते १२० अंशांवर उकळते. टोपणाचे रबर गेले की ही सारी सवलत गेली. थर्मोस्टॅट काढून टाकला म्हणजे गाडी तापत नाही, असा उपाय अनेक गॅरेजांत सांगितला जातो. पुष्कळ इंजिनांत त्याचा परिणाम उलटा होतो. कारण आडवाट बंद करून पाण्याला रेडिएटरकडे लावण्याचे कामही तोच थर्मोस्टॅट करतो, आणि तो नसला की काही पाणी थंड न होताच फिरत राहते.

पाणी उकळल्यावर पुढे काय होते, ते चालकांना सांगावयास नको. पण क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. वाफेचे बुडबुडे झाले की त्या जागी लोखंडाला पाणी लागत नाही. हेड वाकते. लहान गाड्यांत हेड ॲल्युमिनियमचे असते, आणि ॲल्युमिनियम ओतीव लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. तेथे हे आधी घडते. मग गॅस्केट उडते, पाणी तेलात जाते आणि तेल दुधाळ दिसू लागते. तशा तेलावर गाडी आणखी काही किलोमीटर रेटली तर पिस्टन लायनरला धरतो आणि इंजिन जॅम होते. जे काम पट्टा आणि टोपण बदलून दोन तासांत झाले असते, ते इंजिन उतरवून आठवड्यांवर जाते. उभ्या गाडीवर होणाऱ्या चुका तर जीवावर बेततात. तापलेले टोपण उघडले की दाबाखालचे पाणी तत्क्षणी वाफ होऊन तोंडावर येते. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतले की हेडला तडा जातो. टर्बो असलेली गाडी थांबविताच किल्ली फिरविली तर टर्बोचे तेल बंद होते आणि तो जळतो. गाडी बाजूला घेऊन, पाणी उसळत नसेल तर इंजिन दोन-तीन मिनिटे ओझ्याविना चालू ठेवावे. मग बंद करून अर्धा-पाऊण तास टोपणाला हात लावू नये. हा अर्धा-पाऊण तास कोणाच्या खात्यावर पडतो, हाच खरा प्रश्न आहे आणि त्याकडे पुढे यावयाचे आहे.

तत्पूर्वी एक शब्द टोचनाविषयी. घाटात बंद पडलेली गाडी मागून आलेल्या दुसऱ्या भरलेल्या गाडीला टोचन लावून वर नेण्याचा प्रघात आहे. बंधुभावाच्या दृष्टीने तो कौतुकास्पद आहे, यंत्राच्या दृष्टीने मात्र आत्मघातकी. आधीच मर्यादेपलीकडे भरलेल्या इंजिनाला आणखी तेवढेच ओझे दिले जाते, आणि वेग चालण्याच्या वेगावर येतो. मागच्या गाडीचे इंजिन बंद असल्यामुळे तिच्या ब्रेकला हवा भरत नाही आणि स्टिअरिंगही जड होते. दोर तुटला तर ती गाडी थांबविण्यास हाताशी फारसे काही नसते. एका तापलेल्या इंजिनाची दोन होण्याचा हा खात्रीचा मार्ग आहे.

आता वर म्हटलेल्या आरोपाकडे वळू. गाडी तापली, दोष चालकाचा. चालक निघण्यापूर्वी म्हणतो, "शेट, इतक्या वजनान गाडी घाट चढाची नाय." उत्तर येते, "काल चढली ती कशी मगे?" या दोन वाक्यांत वाहतुकीचे सगळे अर्थशास्त्र आले. काल चढली हे खरे. परंतु काल जे झिजले ते काल दिसले नाही.

गाडी किती भरली, हे मुळात कोणी मोजते का? वाळूचा व्यवहार ब्रासमध्ये होतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. हे आकारमान झाले, वजन नव्हे. कोरडी सुटी वाळू घनमीटरला १.६ टन धरली तर ब्रासचे वजन साडेचार टन होते. खाडीतून नुकतीच उपसलेली, पाणी गळत असलेली वाळू १.९ टन धरली तर तोच ब्रास ५.४ टनांचा होतो. भाडे ब्रासवर, स्वामित्वधन ब्रासवर, ग्राहकाचे मोजमाप ब्रासवर. आणि इंजिनाला, चाकांना व कायद्याला मात्र टन कळतात. दर ब्रासमागे जवळजवळ एक टन पाणी फुकट वाहून नेले जाते आणि त्याची नोंद कोणत्याही पावतीवर नसते. तीन आसांच्या डंपरला आज २८.५ टनांपर्यंत एकूण वजनाची मुभा आहे. गाडीचे स्वतःचे वजन साडेदहा टन धरले तर १८ टन माल भरता येतो: कोरड्या वाळूचे चार ब्रास, ओल्या वाळूचे तीन ब्रास आणि वर थोडे. तेथे पाच ब्रास ओली वाळू चढविली की नऊ टन जादा झाले. (किंचित दमट वाळू, उलट, फुगते आणि त्याच वजनाला जास्त जागा व्यापते, तेव्हा ब्रासच्या मापात कधी ग्राहक बुडतो, कधी गाडीवाला. माप ठरविणारा सहसा बुडत नाही.)

पाचवा ब्रास का भरला जातो? कारण गाडीचा हप्ता, कर, विमा, चालकाची मजुरी ही तीन ब्रासला जेवढी, तेवढीच पाच ब्रासला असते. जादा ब्रासवर खर्च म्हणावा तो थोड्या डिझेलचाच दिसतो. बाकी भाडे निव्वळ नफा वाटते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत त्या ब्रासचा सीमांत खर्च नगण्य भासतो. पहिल्या वर्षी ज्याने पाच ब्रास भरले त्याला खरोखरच फायदा होतो. दुसऱ्या वर्षी सगळेच पाच भरतात, आणि ज्याची बांधकामे चालू आहेत किंवा ज्याच्याकडे वाळूचा ठेका आहे तो म्हणू लागतो, पाच ब्रास आणता, मग ब्रासमागे एवढे भाडे कशाला? भाडे उतरते. ते अशा पातळीवर स्थिरावते की पाच ब्रास भरल्याखेरीज हप्ता निघू नये. आता नियमाप्रमाणे तीन ब्रास भरणारा प्रामाणिक माणूस दिवाळखोर ठरतो. अशा रीतीने जादा भाराचा लाभ गाडीवाल्याच्या हातून निसटून माल घेणाऱ्याकडे जातो. गाडीवाल्याकडे राहते ते तापलेले इंजिन. एकदोन गाड्यांचा मालक यास हावरेपणा समजतो, स्वतःचा किंवा शेजाऱ्याचा. वास्तविक तो स्वतःची यंत्रसामग्री थोडी थोडी करून विकत असतो आणि आलेल्या पैशास उत्पन्न म्हणत असतो. घसाऱ्याचा हिशेब न ठेवणाऱ्या प्रत्येक लहान उत्पादकाची हीच गत होते.

चिऱ्याचे गणित वेगळे नाही. तो नगावर मोजला जातो. १४ बाय ९ बाय ७ इंचांचा चिरा धरला तर तो सुमारे तीस किलोंचा भरतो, म्हणजे शंभर चिऱ्यांना तीन टन. जांभा दगड सच्छिद्र असल्याने पावसात पाणी पितो आणि नग तेवढेच राहून वजन वाढते. ऊस मात्र टनावर मोजला जातो, काट्यावर मोजला जातो, आणि तरीही सर्वांत उघड अतिभार उसाचाच दिसतो. पश्चिम महाराष्ट्रात हंगामात चाळीस-पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर एकापाठीमागे एक दोन ट्रॉल्या ओढताना दिसतो. शेतात नांगर ओढण्यासाठी केलेले हे यंत्र तासन् तास रस्त्यावर पूर्ण भाराने चालविले जाते. चढावर पुढची चाके उचलली जातात, ट्रॉल्यांना बहुधा ब्रेक नसतात. काट्यावर वजन होऊनही कोणी हरकत घेत नाही, कारण कारखान्यास ऊस हवा असतो आणि वाहतूकदाराने हंगामापूर्वी उचल घेतलेली असते. तेव्हा माप बदलले की अतिभार जाईल, असे मानणे भाबडेपणाचे होईल. माप बदलणे आवश्यक आहे, पुरेसे नाही.

कायद्याने काय केले आहे? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ११३ वे कलम मर्यादेपेक्षा अधिक वजन नेण्यास बंदी करते. ११४ वे कलम जादा माल तेथेच उतरवून घेण्याचा अधिकार देते. २०१९ च्या दुरुस्तीने दंड २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी २ हजार इतका केला. त्यापूर्वी काही राज्ये शुल्क घेऊन जादा वजनास परवानगी देत असत. ९ नोव्हेंबर २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा प्रकार बेकायदेशीर ठरविला. चालक हा मालक नसेल तर गुन्हा मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने झाला असे न्यायालयास गृहीत धरता येते, असेही ११३ व्या कलमात आहे, आणि १९४ वे कलम गाडी हाकणाऱ्याइतकेच ती तशी हाकावयास लावणाऱ्यालाही लागू होते. शब्द पुरेसे आहेत. परंतु रस्त्यावर सापडतो तो चालक. माल भरून देणारा ठेकेदार आणि तो मागविणारा बांधकाम व्यावसायिक हे घाटात नसतात.

या कायद्यात घाट मात्र कोठेच नाही. गाडीची वजनमर्यादा कणकवलीच्या सपाट रस्त्यावर जेवढी, तेवढीच फोंड्याच्या चढावर. बैलाच्या बाबतीत सरकार अधिक समंजस होते. ओझ्याच्या जनावरांसंबंधी १९६५ साली केंद्र सरकारने जे नियम केले, त्यांत बैलगाडीला किती वजन जोडावे हे ठरवून देऊन पुढे म्हटले आहे की, वाटेत एक किलोमीटरहून कमी नसलेला चढ असेल आणि तीस मीटरांत तीन मीटरांहून अधिक उंची गाठावयाची असेल, तर भार निम्मा करावा. बैलाला धाप लागते हे नियम करणाऱ्याने पाहिले होते. इंजिनाची धाप पाहावयास कोणी घाटात उभे राहिले नाही, आणि त्यामागे बसलेल्या माणसाची तर त्याहून नाही.

उलट १६ जुलै २०१८ च्या अधिसूचनेने आसभाराची मर्यादा वाढविण्यात आली. दोन आसांच्या ट्रकचे एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टन झाले, तीन आसांच्या ट्रकचे २५ वरून २८.५. वाहतूक स्वस्त होईल आणि अतिभार आपोआप घटेल, अशी भूमिका होती. नव्या गाड्या नव्या मर्यादेस अनुसरून बांधता येतात. परंतु जुन्या गाडीचे इंजिन, रेडिएटर आणि ब्रेक अधिसूचनेने बदलत नसतात. कागदावरील टन वाढले, रेडिएटर तेवढाच राहिला. रस्त्याचेही तसेच. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ओटावा या गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात झालेल्या मोठ्या चाचणीतून असे दिसले की रस्त्याची झीज आसभाराच्या साधारणतः चौथ्या घातानुसार वाढते. मागच्या एका आसावर साडेअकरा टनांऐवजी पंधरा टन आले, तर वजन तीस टक्क्यांनी वाढते आणि झीज जवळजवळ तिप्पट होते. पावसाळ्यानंतर आचरा-कणकवली रस्त्याच्या खड्ड्यांविषयी जे बोलले जाते, त्यात पावसाचा वाटा किती आणि पाचव्या ब्रासचा किती, हे कोणी निवडून दाखविलेले नाही.

खर्च करणारा एक आणि सोसणारे दुसरेच, या प्रकाराचे विवेचन अर्थशास्त्रात जुने आहे. कार्ल विल्यम कॅप याने १९५० साली खासगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर एक संपूर्ण ग्रंथच लिहिला. कॅपच्या दृष्टीने पाहिले तर ओल्या वाळूचा ब्रास हा एक नमुना आहे. रस्त्याची झीज जनतेच्या तिजोरीवर. इंजिनाची झीज लहान मालकावर. आणि तो विम्याकडे गेला तर मालवाहू गाडीच्या पॉलिसीतच लिहिलेले असते की यांत्रिक बिघाड आणि अतिभारामुळे झालेले नुकसान भरून मिळणार नाही. उरला घाटातला तो अर्धा-पाऊण तास. खेपेवर मजुरी असलेल्या चालकाला थांबण्याचे पैसे मिळत नाहीत, म्हणून तो टोपण लवकर उघडतो आणि भाजतो. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली आठ तासांच्या दिवसाचा कायदा झाला, पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी. एक गाडी, एक चालक आणि एक क्लीनर अशा धंद्यापर्यंत तो पोहोचलाच नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले, हे स्वागतार्ह आहे. मात्र अतिभारित गाडी घाटाला लागली की इंजिनावरचा बोजा कमी करण्यासाठी पहिल्याने बंद केला जाणार आहे तो तोच गारवा.

वाळू नेणारा चालक आणि वाळू नेऊ नका म्हणणारा मच्छीमार हे पुष्कळदा एकाच वाडीतले असतात, ही गोष्ट तोंडवलीत तरी विसरून चालणार नाही. खाडीचा काठ खचतो, समुद्र पुढे येतो, पट्टी अरुंद होते, अशी येथील लोकांची तक्रार आहे आणि ती डोळ्यांना दिसणारी आहे. हातपाटीने, डुबी मारून काढलेली वाळू आणि सक्शन पंपाने रात्रीत उपसलेली वाळू यांत फरक आहे. पंपाने उपसलेली वाळू ढिगावर निथळत ठेवण्याइतकीही उसंत नसते. ती ओली असतानाच, अंधारातच रवाना करावी लागते. खाडी ओरबाडणारी घाई आणि इंजिन जाळणारी घाई एकच आहे. चालकांनी मच्छीमारांना आपल्या पोटावर उठलेले समजणे, किंवा मच्छीमारांनी चालकांना चोरांचे साथीदार समजणे, हे दोन्ही ठेकेदाराच्या सोयीचे आहे.

कोकण रेल्वेचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण खुला झाला, आणि १९९९ पासून कोलाड ते वेर्णे असे भरलेले ट्रक रेल्वेच्या उघड्या वाघिणींवर चढवून नेण्याची सोय झाली. इंजिन बंद, चालक झोपलेला, गाडी पुढे जात असलेली, असे दृश्य त्यामुळे शक्य झाले. या मार्गासाठी मधु दंडवते यांच्यासारख्यांनी आयुष्यातील किती वर्षे खर्ची घातली, हे या पक्षाच्या कार्यकर्त्यांना नव्याने सांगण्याचे कारण नाही. परंतु तो मार्ग किनाऱ्याला समांतर आहे. घाट चढत नाही. वैभववाडी-कोल्हापूर रेल्वेमार्गाची घोषणा २०१६ साली झाली, त्यावर अद्याप गाडी धावलेली नाही. तोवर घाट इंजिनालाच चढावयाचा आहे.

तेव्हा मागण्या आजच्या रस्त्याला धरूनच करावयास हव्यात. वाळूच्या प्रत्येक परवानाधारक धक्क्यावर वजनकाटा असावा आणि वाहतुकीच्या पासवर ब्रासबरोबर टन लिहिले जावेत. पासवर टन आले की माल भरून देणाऱ्याचे नावही त्या टनांखाली येईल, आणि १९४ व्या कलमातील 'हाकावयास लावणारा' कागदावर सापडेल. भाडे टनावर ठरावे आणि त्याचा किमान दर चालक-मालकांच्या संघटनेने ठरवून घ्यावा. एकट्या गाडीवाल्याला तो कधीही मिळणार नाही. वाळू उपसल्यावर किमान एक दिवस निथळल्याखेरीज गाडीत चढू नये. यात कोणाचा एक पैसा जात नाही, पाणी तेवढे खाडीत परत जाते. घाटाच्या पायथ्याशी आणि मध्यावर गाडी उभी करण्याची जागा व गोड्या पाण्याचा नळ ही तर सार्वजनिक बांधकाम विभागाने मनावर घेतले तर एका हंगामात होणारी कामे आहेत. खेपेच्या मजुरीत घाटातील एक थांबा धरला जावा, ही मागणी मालकांना आज विचित्र वाटेल. ज्या मालकाने हेड बदलल्याचे बिल नुकतेच भरले असेल त्याच्यापासून बोलणी सुरू करावीत. आणि त्या बिलाशेजारी मागील वर्षाच्या खेपांची वही ठेवून, पाचव्या ब्रासचे एकूण किती भाडे हाती आले होते, ते त्यालाच मोजावयास सांगावे.